सातव्या रिळातले आठ बार

५ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तू वाचत नाहीस, म्हणून हा कागद. अक्षराला नावं ठेवू नकोस. शाळा सुटल्यापासून मी पेन धरलंय ते फक्त सह्या करायला.

बातमी अशी की ‘बिनपगारी’चा दुसरा अल्बम येतोय. आमचा बँड अजून जिवंत आहे हे ऐकून बाबांनी कपाळावर हात मारला, तू तरी मारू नकोस. वाजवणं आमचं तेच आहे. तीन सूर, दोन मिनिटं आणि घसा फुटेस्तोवर आरडाओरडा. जग त्याला पंक म्हणतं, तू ‘भांड्यांची मांडणी कोसळली’ म्हणतेस. पण या वेळी एक गंमत केली आहे. अकराही गाणी जुन्या मारधाडीच्या सिनेमांच्या पार्श्वसंगीतातून सुरू होतात. पाठलाग, बंदुका, खलनायक जिना उतरतो तेव्हाचं ते घुमणारं. सिनेमातली गाणी सगळ्यांना पाठ असतात गं, पण हे मागचं संगीत ऐकून ऐकून अंगात मुरलेलं असतं आणि कुणाला पत्ताच नसतो. आम्ही तो तुकडा स्वतः वाजवतो आणि त्यातूनच आमचं गाणं फुटतं.

शेवटचं गाणं तुझ्या संगीतकार मास्तरांच्या सिनेमावर आहे. गोदामातली मारामारी, सातवं रीळ. चाळीस जणांचा ताफा नुसता पेटलेला आणि अचानक सगळे गप्प! आठ बार. मी नाही, वकिलाने मोजले. (वकील म्हणजे आमचा बास गिटारवाला. दिवसा कोर्टात असतो, त्यामुळे मोजणीत पक्का.) त्या आठ बारांत फक्त एकटा ड्रम आहे. लंगडतो, अडखळतो, मधेच जीव घेऊन पळतो. आत्या, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आमचा ड्रमवाला ठोंब्या तीन आठवडे त्यावर डोकं आपटतोय, म्हणतो, “हा ताल मोजताच येत नाही. वाजवणारा माणूस वेडा तरी असेल नाहीतर देव तरी.”

तू त्या स्टुडिओत एकोणीस वर्षं काढलीस. तो कोण होता, सांग ना. सिनेमाच्या पाट्यांत नाव नाही. रेकॉर्डच्या कव्हरवर मास्तर म्हणतात, “ती शांतता मला सुचली तेव्हा मी देवापुढे बसलो होतो.” ड्रमवाल्याबद्दल एक अक्षर नाही. आम्हाला त्याचं नाव छापायचंय, आणि असलाच कुठे तर त्यालाच वाजवायला बोलवायचंय.

तुझी,
भुंगा


१४ जानेवारी

प्रिय भुंग्या,

अक्षराला नावं ठेवायला आधी ते अक्षर तरी असायला हवं. कुत्र्याचे पाय मांजराला! मी भिंग घेऊन बसले, मग खालच्या औषधवाल्याकडे गेले. तो डॉक्टरांची अक्षरं लावतो, म्हटलं हेही लावेल. त्यानेही हात टेकले. शेवटी अंदाजपंचे वाचलं.

तुझं कौतुक वाटलं, हे मात्र खरं. त्या मागच्या संगीतावर कुणी जीव टाकेल असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं. आमचं काम कसं चालायचं ते तुला कधी सांगितलं नाही, नाही का? मास्तर एका मोठ्या पानावर सगळ्या वाद्यांचं मिळून लिहायचे. ते पान मी फोडायची, म्हणजे व्हायोलिनचं वेगळं, सेलोचं वेगळं, पितळी वाद्यांचं वेगळं. मग त्याच्या प्रती काढून, शाई वाळायच्या आत प्रत्येकाच्या स्टँडवर. लोक मला ‘कॉपीवाल्या बाई’ म्हणायचे. त्या खोलीत बाई मी एकटीच. मास्तरांची पानं कधी वेळेवर आली नाहीत. एक पान जिन्यात मिळायचं, दुसरं गाडीत विसरलेलं असायचं, आणि दिलं की नाही हे त्यांना स्वतःला आठवायचं नाही. म्हणून जे पान हातात आलं नसेल तिथे मी पेन्सिलीने ‘इतके बार थांबा’ असं लिहून जागा धरून ठेवायची. पान आलं की खोडून भरायची. (बार म्हणजे ताल मोजायचं एक घर. तुला ठाऊक आहे, पण हे पत्र तुझे बाबा वाचणार, त्यांच्यासाठी.)

समोर पडद्यावर बिनआवाजाचं रीळ चालायचं. मास्तर पडद्याकडे बघायचे, वादक कागदाकडे. रीळ एकदा सुटलं की संपेपर्यंत कुणी थांबायचं नाही.

ड्रमवाला कोण होता ते काही आठवत नाही. बरेच आले, बरेच गेले. पस्तीस वर्षं झाली त्याला. माझं ऐक, ते सातवं रीळ सोड. त्याच सिनेमाच्या तिसऱ्या रिळात मोटारींचा पाठलाग आहे, त्यात पितळी वाद्यं काय सुंदर ओरडतात! तुमच्या ओरडण्याला ते शोभेल.

जेवत जा. मागच्या फोटोत गळ्याची हाडं दिसत होती.

आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सापडला! तुला आठवत नव्हता ना, मीच शोधून काढला. जुनी वाद्यं विकणारा एक म्हातारा आहे, पूर्वी तुमच्याकडे अकॉर्डियन वाजवायचा. त्याने गोदामाचं नाव काढताच सांगितलं, “तो तर काडी. हडकुळा म्हणून काडी. आता शिलाई मशीन दुरुस्त करतो.” आणि पत्ताच लिहून दिला.

मी आणि ठोंब्या गेलो. एवढंसं दुकान, भिंतीला टेकून वीसेक मशीनं, सगळ्यांना चिठ्ठ्या अडकवलेल्या. पांढरे केस, अजून काडीच. एका मशीनचं चाक फिरवून कान लावून बसला होता. आम्हाला म्हणाला, “थांबा, ह्याचा सातवा टाका चुकतोय.” ठोंब्या माझ्या कानात म्हणाला, “हाच.”

आम्ही सिनेमाचं नाव घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, “तेवढं सोडून काहीही विचारा.” चहा मात्र पाजला. मग हळूहळू बोलला. त्याला म्हणे कागदावरचं संगीत कधी वाचता आलं नाही. त्या दिवशी कागदावर सगळ्यांना थांबायचं होतं, सगळे थांबले, हा एकटाच पडद्याकडे बघून वाजवत राहिला. माणूस पडला की धडाड, उठला की पुन्हा. म्हणून तो ताल मोजता येत नाही, आत्या! तो ताल नाहीच, तो त्या जिन्यावरून पडणाऱ्या माणसाला वाजवत होता. रीळ संपल्यावर मास्तरांनी सगळ्यांसमोर त्याचे वाभाडे काढले आणि हाकलून दिलं. नंतर कुठल्याच स्टुडिओने बोलावलं नाही. मी म्हटलं, काका, अहो तेच तर त्या सिनेमातलं सगळ्यात भारी आहे. तर म्हणतो, “चूक ती चूक, पोरी. चाळीस जणांची मेहनत मी बिघडवली. ती पुन्हा वाजवायला सांगू नका.” पस्तीस वर्षांत काठ्या हातात धरल्या नाहीत म्हणे.

निघताना मी तुझी भाची हे सांगितलं. एकदम उभाच राहिला. “कॉपीवाल्या बाई? बऱ्या आहेत ना? त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.” कसले, ते काही सांगितलं नाही.

मग तू कशी गं विसरलीस त्याला? त्याला समजावणारं चार ओळींचं पत्र लिही ना. तुझं ऐकेल. वीस मार्चला आमचं रेकॉर्डिंग आहे.

भुंगा


२४ फेब्रुवारी

आत्या,

तीन आठवडे झाले. तब्येत बरी आहे ना? बाबा म्हणतात तू त्यांना नेहमीसारखं पत्र पाठवलंस, नळ गळतोय वगैरे. म्हणजे तू माझ्यावर रागावली आहेस. का, ते तरी सांग. मी काही चुकीचं विचारलं का?

आम्ही त्या गाण्यासाठी दुसरा ड्रमवाला घेणार नाही. काडीकाका नाहीतर ते गाणंच नाही. वकील म्हणतो अल्बम दहा गाण्यांचा करू. मला रडू येतं.

भुंगा


३ मार्च

प्रिय भुंग्या,

तू काही चुकीचं विचारलं नाहीस. मी खोटं उत्तर दिलं. मला काडी आठवत नाही असं झालंच नाही कधी. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं, आता फाडणार नाही.

काडीला कागद वाचता येत नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मास्तरांना कळलं असतं तर दारातही उभं केलं नसतं. म्हणून प्रत्येक रिळाआधी मी त्याला साध्या शब्दांत चिठ्ठी लिहून द्यायची. ‘चार बार थांबा. दार आपटेल. मग तुम्ही.’ एवढंच. तो ती शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि पडद्याकडे बघून वाजवायचा. दोन वर्षं असं बिनबोभाट चाललं.

त्या दिवशी सातव्या रिळाचं एक पान राहिलं होतं. सगळ्यांच्या कागदावर मी पेन्सिलीने ‘आठ बार थांबा’ लिहिलं होतं. सकाळी मास्तर फाटकाशी गाडीतून उतरले आणि ते पान माझ्या हातात कोंबून वर गेले. काडी पलीकडे पाठमोरा चहा पीत होता, त्याने हे पाहिलं नाही. मी उभ्या उभ्या पान वाचलं आणि त्याला चिठ्ठी लिहिली, ‘आठ बार सगळे जोरात. तुम्हीही. थांबायचं नाही.’ पान पिशवीत टाकलं. वर गेले तर दुसऱ्याच रिळाच्या बारा पानांचा गोंधळ, मास्तरांनी स्टुडिओ डोक्यावर घेतलेला. त्यात ते पान माझ्या डोक्यातून साफ गेलं.

रीळ सुटलं. सगळे आपापल्या कागदाप्रमाणे थांबले. काडी वाजवत राहिला. कळलं ना तुला? मास्तरांनी लिहिलं होतं तसं त्या खोलीत एकट्या काडीने वाजवलं. चुकले होते ते बाकीचे सगळे, आणि ते माझ्यामुळे.

दिवे लागले. मास्तरांनी विचारलं, “बाई, ते पान कुठंय?” पिशवी माझ्या पायाशी होती, भुंग्या. मला त्याच क्षणी आठवलं होतं. आणि मी म्हणाले, “आलंच नाही, मास्तर.”

त्यांना दिल्याचं आठवेना, आणि रेकॉर्डिंग बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर स्वतः विसरलो असं कसं म्हणतील? मग सगळा राग काडीवर. “चाळीस माणसं वाचून थांबतात आणि हा आंधळा बडवत सुटतो!” मी वाट बघत होते, तो खिशातून चिठ्ठी काढेल म्हणून. काढली असती तर सगळं तिथेच उघड झालं असतं. त्याने का काढली नाही, मला माहीत नाही. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. दोन दिवसांनी दिग्दर्शकाने रीळ पाहिलं आणि मास्तरांना मिठी मारली. मास्तरांना ती शांतता सुचली ती त्यानंतर.

तू म्हणशील नोकरीची भीती होती. होती. तुझे बाबा शिकत होते, घरात मिळवती मी एकटी. पण ते कारण त्या एका दिवसापुरतं झालं. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, महिन्याने आलं असतं, मास्तर वारले तेव्हा तर नक्कीच आलं असतं. मी भित्री निघाले, बस्स.

ते पान सोबत पाठवते. इतकी वर्षं ट्रंकेत कपड्यांखाली होतं. दुसरा लिफाफा बंद आहे, तो काडीच्या हातात दे. तू वाचू नकोस.

आत्या


९ मार्च

आत्या,

आधी खरं सांगते. तुझं पत्र वाचून मी तुझ्यावर जाम चिडले. गाण्यांत आम्ही बोंबलतो ते असल्या मास्तरांविरुद्ध, आणि इथे माझीच आत्या! भिंतीवरचा तुझा फोटो काढून उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी परत लावला. लहानपणी माझ्या सगळ्या वह्यांना कव्हरं घालून त्यावर नाव लिहून देणारी तूच ना. ते हात आणि हे पत्र लिहिणारे हात एकच आहेत, हे पचायला मला एक दिवस लागला. आता पचलं. तू मला सांगितलंस, हे बरं केलंस.

लिफाफा दिला. काकांनी अक्षर ओळखलं, न फोडता मशीनच्या ड्रॉवरमध्ये रिळांशेजारी ठेवला आणि म्हणाले, “आता गिऱ्हाईक आहे.” दुकानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

पान आम्ही वाजवून पाहिलं. छान आहे. त्या दिवशी जागेवर असतं तर बाकीच्या रिळासारखंच छान झालं असतं आणि आज कुणाच्या लक्षात राहिलं नसतं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये.

काय होईल माहीत नाही. वाट बघतेय.

भुंगा


१५ मार्च

बाई,

स. न. वि. वि. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं माकलं समजून घ्या.

तुमचा लिफाफा तीन दिवसांनी फोडला. मला वाटलं होतं, भाचीच्या शब्दाखातर ‘वाजवा’ म्हणून आग्रह केला असेल.

तुम्ही विचारलंय, मी चिठ्ठी का काढली नाही. काढली कशी असती? मला वाटलं तुमची चिठ्ठीच चुकली. सगळे थांबले म्हणजे कागद बरोबर, मग चिठ्ठी चूक, असा साधा हिशेब. कामाच्या गडबडीत लिहिलीत, होतं माणसाकडून. ती दाखवली असती तर तुमची नोकरी गेली असती, आणि माझी तशीही गेलीच होती. दोघांनी कशाला जायचं? बसची वाट बघतानाच मी तुम्हाला माफ करून टाकलं होतं. चिठ्ठी शर्टाबरोबर धुतली गेली, पण शब्द पाठ आहेत. ‘आठ बार सगळे जोरात. तुम्हीही. थांबायचं नाही.’

आता तुम्ही लिहिता, चिठ्ठी बरोबर होती. म्हणजे मी बरोबर वाजवलं होतं. बाई, हे वाक्य मी दुकानाच्या पावतीबुकात तीनदा लिहून बघितलं. मी बरोबर वाजवलं होतं.

मग राग आला. खोटं कशाला बोलू. मी माफ केलं ते वेगळ्याच चुकीला, आणि जी खरी झाली ती मला माहीतच नव्हती. दोन दिवस एका गिऱ्हाइकाचं मशीन खोलून तसंच ठेवलं, हात चालेना. लेक लहान असताना डबे वाजवायची, छान वाजवायची. मी तिला गप्प करायचो, म्हणायचो, आपल्या घराण्याला त्यातलं कळत नाही. ती मग वाजवेनाशी झाली. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. पण तुमच्या त्या ‘आलंच नाही’ने कुठपर्यंत मजल मारली ते तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून लिहितो.

तिसऱ्या दिवशी ते मशीन जोडलं. चालवून बघताना पाय आपोआप त्या जिन्यावरच्या माणसासारखा पडायला लागला. धडाड, मग उठला, मग पुन्हा. लेकीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग तुम्हाला दोन शब्द बोलली, ते लिहीत नाही. मग म्हणाली, “बाबा, जा.”

तर मी येतो. मास्तरांचं पान पोरांनी मला वाजवून दाखवलं. चांगलं आहे, पण ते नको. ती शांतताच राहू द्या. ती तुमच्या चुकीची असली तरी तिच्या पोटात मी आहे.

माझी एकच अट आहे. मला चिठ्ठी पाहिजे, तुमच्या हातची. बिनचिठ्ठीचं मी तिथे कधी वाजवलं नाही.

काडी


१८ मार्च

भुंग्या,

परवा सकाळच्या गाडीने येते. तुझ्या बाबांना सांग, स्टेशनवर आले तर मोठ्याने बोलू नका, लोक बघतात आणि मला तरीही ऐकू येत नाही.

कव्हरवर काडीचं नाव सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरात. त्याखाली लिहा, ‘आठ बारांची शांतता कॉपीवाल्या बाईच्या चुकीमुळे’. छापायला लाजू नका, मी लाजणार नाही. वकिलाला विचार, चालेल का. नाही म्हणाला तरी छापा.

मला तिथे काचेच्या मागे बसायला जागा दे. ऐकायचं नाहीये, हात बघायचेत. तुम्हा पोरांसाठी वेगवेगळी पानं लिहून आणते, ते आठ बार या वेळी शाईने. तुझं पान सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे, तुझी प्रगती बघता.

सोबतची चिठ्ठी काडीला दे. ही वाचलीस तरी चालेल.

आत्या


काडी,

गोदाम. माणूस जिन्यावरून पडतो.
सगळे थांबतील. आठ बार.
तुम्ही थांबायचं नाही.
बाकीचे गप्प झाले म्हणून घाबरू नका. ते त्यांच्या कागदाप्रमाणे बरोबर आहेत, तुम्ही या चिठ्ठीप्रमाणे बरोबर आहात. त्या दिवशीही होता.
वाजवून झाल्यावर कुणी विचारलं, तर खिशातून ही काढून दाखवा. मी समोरच असेन.

बाई